चाकावरचा वाडगा: गोळ्यापासून भट्टीपर्यंत

चाकावर पहिल्यांदा बसणाऱ्याच्या हातून वाडगा आपोआप होतो. फिरणारी माती बाहेर पसरू पाहते, भिंत सरळ उभी राहत नाही, आणि ग्लास करायला घेतलेल्या गोळ्याचा शेवटी पसरट वाडगा होऊन बसतो. त्यामुळे वाडगा सोपा, असा समज स्टुडिओत रूढ आहे. ठरवून केलेल्या वाडग्याची गोष्ट निराळी. आतून बोट फिरवलं तर बुडापासून काठापर्यंत कोपरा, खड्डा, उंचवटा काही लागत नाही, आणि हातात घेतल्यावर तो दिसतो त्यापेक्षा जड वाटत नाही. दोन्ही गोष्टी आतल्या वळणावर अवलंबून आहेत. बाहेरची बाजू नंतर तासता येते; आतली बाजू मात्र माती ओली असताना, चाकावरच ठरते. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्या वळणासाठी आहेत.

इथली मापं एका साध्या वाडग्याची आहेत: माती ६०० ग्रॅम, चाकावर असताना व्यास १५ सें.मी. आणि उंची ७ सें.मी.

माती आणि भट्टी यांची सोयरीक आधी

मुंबईत नवख्याच्या हाती दोन प्रकारची माती येते. एक लाल टेराकोटा. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरं पिढ्यानपिढ्या हीच माती वापरून पणत्या, कुंड्या, माठ घडवतात. दुसरी स्टोनवेअर, म्हणजे स्टुडिओत पिशवीतून मिळणारी करडी किंवा बदामी रंगाची माती. टेराकोटा हाताला मऊ लागते, लवकर उठते, सरावाला उत्तम. पण ती साधारण ९०० ते १०५० अंशांवर भाजतात आणि भाजल्यावरही ती सच्छिद्र राहते. माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. स्टोनवेअर १२०० अंशांच्या पुढे भाजली की घट्ट होते आणि फारसं पाणी पीत नाही. ज्यात आमटी खायची तो वाडगा स्टोनवेअरचा करा.

दोन्ही मातींची सरमिसळ कधीही होऊ देऊ नका. टेराकोटाचा वाडगा चुकून स्टोनवेअरच्या भट्टीत गेला तर तो फुगतो, वितळतो आणि भट्टीच्या फळीला कायमचा चिकटतो. फळीही जाते आणि स्टुडिओवाल्याशी संबंधही. माती घेताना तीन आकडे विचारा: किती अंशांवर भाजायची, किती टक्के आकसते, भाजल्यावर किती टक्के पाणी शोषते. पहिला आकडा ज्या भट्टीत भाजणार तिच्याशी आणि वापरायच्या ग्लेझशी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाशी, जुळला पाहिजे. हे वाडगा झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आकसण्याचा हिशेब नवख्यांना नेहमी चकवतो. स्टोनवेअर ओल्यापासून पूर्ण भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. १५ सें.मी.चा वाडगा हातात येतो तेव्हा १३.२ सें.मी.चा असतो. तयार वाडगा १५ सें.मी.चा हवा असेल तर १५ला ०.८८ने भागा, म्हणजे चाकावर १७ सें.मी. लागतील. त्यात मावणारं प्रमाण तर आणखी घटतं, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी होतात: ओल्या वाडग्यात १ लिटर मावत असेल तर भाजल्यावर ६८० मिली. पहिला वाडगा वाटीएवढा का निघाला, याचं उत्तर एवढंच.

हत्यारं

दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली तार, स्पंज, सुई, लाकडी सुरी, रबराची किंवा लाकडाची रिब (माती दाबायची, घोटायची चपटी पट्टी), तासायला लूप टूल (टोकाला कडं असलेलं हत्यार), पाण्याची बादली आणि गाळाची वेगळी बादली. रिब नसेल तर जुनं एटीएम कार्ड कात्रीनं अर्धगोल कापून घ्या, काम अडत नाही. काठ गुळगुळीत करायला चामड्याच्या पट्टीऐवजी पातळ प्लास्टिक पिशवीची ओली पट्टीही चालते. चाकावर बसवायची गोल फळी, म्हणजे बॅट, मात्र घ्याच. ओला वाडगा हातानं उचलला की लंबगोल होतो. बॅटसकट उचलला की होत नाही.

बसण्याआधी अंगठ्या काढा, नखं कापा, ओढणी किंवा मोकळे केस मागे बांधा. चाक विजेचं आहे आणि हात ओले असणार, तेव्हा अर्थिंग असलेलाच सॉकेट वापरा आणि बटणाला लावण्यापूर्वी हात पुसा.

माती मळणं

मातीचे ६०० ग्रॅमचे निदान सहा गोळे वजन करून घ्या. वजन सारखं असेल तरच कालच्या आणि आजच्या वाडग्याची तुलना होते. मग प्रत्येक गोळा ३०–४० वेळा मळा. कणीक मळताना आपण घडी घालून दाबतो. मातीत घडी घातली की हवा अडकते. इथे तळहाताच्या टाचेनं माती पुढे-खाली ढकलायची, थोडी फिरवून परत आपल्याकडे गुंडाळायची, घडीची फट पडू द्यायची नाही. मळून झालं की तारेनं गोळा मधोमध कापून बघा. कापलेला भाग एकसारखा, बिनछिद्राचा दिसला पाहिजे. भोकं दिसली तर दोन्ही अर्धे एकमेकांवर जोरात आपटून पुन्हा मळा.

हवेचा फुगा भट्टीत स्फोट करतो, हा स्टुडिओंमधला लाडका समज आहे. भांडं फुटतं ते आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. फुग्यानं होणारं नुकसान चाकावर होतं: भिंत वर ओढताना बोट फुग्यावर आलं की तेवढी जागा पातळ पडते आणि काठ वेडावाकडा होतो. मातीचे कडक-मऊ पट्टे राहिले तरी तेच होतं, आणि मळायचं ते मुख्यतः त्यासाठी.

माती किती मऊ असावी? बोट दाबलं की सहज खोल ठसा उमटावा, पण बोटाला चिखल लागू नये. कडक मातीशी मनगटं झिजवण्यात शहाणपण नाही. तिला पाण्याचा हात लावून ओल्या कापडात रात्रभर ठेवा. पिशवीतल्या मातीला पावसाळ्यात काळे डाग पडले, वास आला, तर टाकून देऊ नका. मुरलेली माती उलट जास्त लवचीक असते.

सेंटर करणं

सेंटर करणं म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसवणं, फिरताना तो डगमगू नये असा. बरेच जण इथेच दमतात, आणि कारण बहुधा बसण्यात असतं. स्टूल चाकाच्या उंचीचं किंवा किंचित उंच हवं, म्हणजे जोर खांद्यातून न येता अंगाच्या भारातून येतो. डावं कोपर मांडीत किंवा पोटाशी घट्ट रोवा. हात हवेत राहिला तर माती हाताला हलवते. कोपर रोवलेलं असेल तर हात मातीला बसवतो.

बॅट ओल्या स्पंजनं नुसती दमट करा. पाणी साचलं तर गोळा घसरतो. गोळा मधोमध जोरात आपटा, चाक हळू फिरवत दोन्ही तळव्यांनी थापटून शक्य तितका मध्यावर आणा, आणि बुडाची कड बोटानं दाबून बॅटला चिकटवा. आता मातीला पाणी लावा आणि वेग वाढवा, मिनिटाला साधारण २०० फेरे. चाक उलट्या घड्याळी फिरत असल्याचं पुढे सगळीकडे धरलंय. डाव्या तळव्याची टाच बाजूनं मध्याकडे दाबायची, उजव्या हाताची कड वरून खाली. दोन्ही दाब एकाच वेळी. मग दोन्ही तळव्यांत दाबून माती शंकूसारखी वर चढवा आणि पुन्हा खाली बसवा; दोन-तीनदा केलं की मळताना राहिलेले पट्टे जातात.

हात काढताना घाई करू नका. चाक दोन-तीन फेरे घेईपर्यंत दाब हळूहळू कमी करत सोडा. झटक्यात सोडला की सेंटर झालेली माती पुन्हा सरकते. स्थिर धरलेली सुई गोळ्याला टेकवून पाहा. पूर्ण वर्तुळ उमटलं तर माती सेंटर झाली, तुटक रेघ आली तर नाही. तळवा अडखळत असेल तर पाणी कमी आहे. पण दर फेऱ्याला पाणी ओतत राहिलात तर वीस मिनिटांत मातीच विरघळू लागते. एका गोळ्यावर तेवढा वेळ गेला असेल तर तो बाजूला ठेवून नवा घ्या.

वाडग्यासाठी सेंटर केलेला गोळा बसका ठेवा: ९ ते १० सें.मी. रुंद, साडेचार सें.मी.च्या आसपास उंच.

उघडणं: वाडगा इथे ठरतो

वेग १३०–१५० फेऱ्यांवर आणा. मध्यावर थोडं पाणी टाका आणि एका हाताची मधली दोन बोटं, दुसऱ्या हाताचा आधार देऊन, सरळ खाली न्या. बुडात १२ मि.मी. माती शिल्लक राहिली पाहिजे. मोजायला चाक थांबवा, सुई बुडातून बॅटला टेकेपर्यंत टोचा, बोट सुईवरून घसरवत मातीच्या पातळीला आणा आणि सुई काढून पट्टीवर धरा. भोक बोटानं बुजवा. अंदाजानं काम करणाऱ्यांची बुडं एक तर २० मि.मी.ची निघतात, नाहीतर तासताना आरपार जातात.

ग्लास करताना बोटं बुडाशी आडवी ओढतात, त्यानं सपाट तळ आणि कोपरा तयार होतो. वाडग्यात कोपरा नको. बोटं मध्यापासून आपल्याकडे ओढतानाच हळूहळू वर उचला, उथळ कमान पडेल अशी. कोपरा एकदा पडला की भिंत ओढल्यावर तो पुसणं फार कठीण. रिबनं घासून वरवर झाकता येतो, पण त्याच्यामागे मातीची जाड गादी राहते, आणि वाडगा जड होतो तो तिथेच.

आता बूड दाबा. स्पंज किंवा रिब मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून मध्यापर्यंत तीन-चार वेळा ठाम दाबानं फिरवा. ही पायरी दिसत नाही, म्हणून टाळली जाते. पुढे सुकताना किंवा पहिल्या भाजणीत बुडाच्या मध्यावर इंग्रजी एसच्या आकाराची चीर पडते, ती बहुतेक वेळा न दाबलेल्या बुडाची असते. आत पाणी साचू दिलं तरी तीच चीर येते, म्हणून अधूनमधून स्पंजनं पाणी टिपत राहा.

भिंत उचलणं

डावा हात आत, उजवा बाहेर, दोन्ही वाडग्याच्या उजव्या बाजूला, आणि अंगठे जमतील तसे एकमेकांना टेकलेले. बाहेरचं बोट आतल्या बोटापेक्षा किंचित खाली. बाहेरच्या बोटानं अगदी बुडाशी खाच पाडा, तिथे मातीचा फुगवटा तयार होईल. तो फुगवटा दोन बोटांमध्ये धरून काठापर्यंत न्यायचा. वर जाण्याचा वेग चाकाच्या वेगाशी बांधलेला हवा: बोट घाईनं वर गेलं तर भिंतीवर मळसूत्रासारखे आटे पडतात आणि जाडी कमी-जास्त होते. दर खेपेला काठाशी पोचल्यावर दाब कमी करा, मग काठ दोन बोटांत धरून तिसऱ्या बोटानं वरून हलकेच दाबा.

अशा तीन खेपा पुरेत. सहा-सात खेपा लागत असतील तर प्रत्येक खेपेत माती फार कमी हलतेय आणि उगाच ओली होतेय.

या टप्प्यावर वाडगा वाडग्यासारखा दिसता कामा नये, आणि नवख्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच. भिंत किंचित आत झुकलेली, वरचा व्यास साधारण १० सें.मी., उंची ८ सें.मी., जाडी ६–७ मि.मी. आणि काठ त्याहून थोडा जाडच. काठाचा हिशेब करून पाहा: १० सें.मी. व्यासाला परीघ ३१ सें.मी. असतो, १५ला ४७. उघडताना काठ दीडपट ताणला जाणार आहे. आधीच पातळ आणि पसरलेला काठ हा ताण सोसत नाही. तो लाटा काढतो किंवा फाटतो. काठ वरखाली झाला असेल तर आत्ताच, चाक हळू ठेवून, सुईनं आडवा छेद घेऊन तेवढी कड उचलून टाका.

आकार देणं

आता उशीर करू नका. माती जितका वेळ ओली बसेल तितकी थकते. वेग ६०–८० फेऱ्यांवर आणा. आतलं पाणी टिपा. रिब आत मध्यावर ठेवा, उजव्या हाताची बोटं बाहेरून तिच्यासमोर, आणि बुडाच्या मध्यापासून काठापर्यंत एकाच सलग झोकात भिंत बाहेर ढकला. दोन-तीन झोकांत १५ सें.मी. व्हायला हवेत. प्रत्येक झोक मध्यापासूनच सुरू करा. अर्ध्यातून सुरू केला तर तिथे कंबर पडते. पसरताना उंची कमी होते, ८चे ७ होतात, ते धरूनच चाला.

शेवटी काठावरून ओली पट्टी फिरवा. काठ गोलसर आणि किंचित जाड ठेवा. धारदार काठावर ग्लेझ टिकत नाही, आणि स्टीलच्या टोपात आपटला की टवका उडतो.

वाडगा बसला, म्हणजे भिंत खाली लोळली, तर कारण तीनांपैकी एक असतं. भिंतीचा खालचा तिसरा भाग पातळ झाला आणि वरचा भार पेलला नाही. माती पाण्यानं मेली. किंवा पसरताना चाक वेगात होतं. कुठलं, हे कळायला एकच उपाय आहे: वाडगा तारेनं वरून खाली मधोमध कापा आणि छेद बघा. पहिले पाच-सहा वाडगे, चांगले झालेलेही, असेच कापावेत. जीव तुटतो खरा, पण भिंत कुठे जाड आणि कुठे पातळ हे त्या छेदाशिवाय कळत नाही. नवख्यांच्या बहुतेक छेदांत एकच चित्र दिसतं, खाली कोपऱ्यात जाडी आणि मध्ये पातळ. त्यांनी पुढच्या खेपेला बाहेरचं बोट आणखी खालून सुरू करावं.

काढणं आणि सुकवणं

लाकडी सुरीनं बुडाशी तिरका काप घेऊन जादा माती काढा. तार दोन्ही अंगठ्यांनी बॅटवर दाबून, ताणून, आपल्याकडे एकदाच ओढा. बॅटसकट उचलून फळीवर ठेवा. बॅट नसेल तर काठावर वर्तमानपत्राचा कागद हलकेच बसवा. आत अडकलेल्या हवेमुळे उचलताना वाडगा गोल राहायला मदत होते. बुडाच्या दोन्ही बाजूंना बोटं सरकवून उचला आणि लगेच कागद काढा.

मुंबईतली हवा इथे कामात लुडबुड करते. मार्चमध्ये रात्रभरात तासण्याजोगा होणारा वाडगा जुलैत दोन-तीन दिवस तसाच लिबलिबीत राहतो. उलट उन्हाळ्यात पंख्याखाली किंवा एसीत काठ दोन-तीन तासांत कडक होतो आणि बूड ओलंच असतं. काठ आकसतो, बूड आकसत नाही, आणि चीर पडते. दोन्ही ऋतूंत धोरण एकच: सगळे भाग सारख्या गतीनं सुकले पाहिजेत. काठावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, बूड उघडं राहू द्या, आणि काठ स्वतःचा भार पेलण्याइतका घट्ट झाला की वाडगा पालथा घाला. पंखा, ऊन, हेअर ड्रायर यांपासून लांब ठेवा.

आठवड्यातून एकदाच वर्गाला जात असाल तर पुढच्या वेळेपर्यंत वाडगा तासण्याजोगा टिकवायला झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा लागेल. तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन-तीन सें.मी. थर जमवा, तो सुकल्यावर पाण्यानं ओला करा, त्यावर वाडगा ठेवून झाकण लावा. आठवडाभर काही होत नाही. फक्त प्लास्टरचा कण मातीत जाऊ देऊ नका. भाजल्यावर तो दमट हवेतलं पाणी शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

तासणं

वेळ ओळखायची खूण: नखाचा ठसा उमटतो, पण भिंत दाबली तर वाकत नाही. लूप टूलखाली लांब, सलग सालं निघाली तर माती योग्य. चिकट लगदा निघाला तर थांबा. भुगा निघाला तर उशीर झाला.

उपडा करण्याआधी मोजा. काठावर आडवी पट्टी ठेवून आतली खोली घ्या, बाहेरची उंची घ्या. वजाबाकी म्हणजे बुडाची जाडी. आपल्याकडे १२ मि.मी. आहे. त्यातून ६ मि.मी. खोल पोकळी कोरायची, ६ शिल्लक ठेवायची, आणि भोवती पायाचं कडं उभं राहू द्यायचं. १५ सें.मी.च्या वाडग्याला ६ ते ७ सें.मी. व्यासाचं कडं शोभतं आणि टेबलावर डगमगत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी पोर्सिलीनची दालनं आहेत. तिथल्या वाडग्यांचे रंग सोडून फक्त कडं आणि पोट यांचं प्रमाण बघत फिरावं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या बॉम्बे स्कूलची मातीकामं आहेत, तीही अशाच नजरेनं बघण्यासारखी.

वाडगा चाकावर उपडा ठेवून मध्यावर आणा: चाक हळू फिरवा, स्थिर धरलेली सुई बुडाजवळ न्या, जिथे रेघ उमटेल तिकडून विरुद्ध दिशेला किंचित सरकवा. मध्यावर आला की मऊ मातीचे तीन गोळे काठाशी दाबून तो धरून ठेवा. गोळे चाकाला चिकटवायचे, वाडग्याला नुसते टेकवायचे.

वेग १२०–१५०. आधी बाहेरचा खांदा तासा, मग कड्याची बाहेरची कड, शेवटी आतली पोकळी. तासताना आतलं वळण डोळ्यांसमोर हवं, कारण बाहेरची रेषा त्याच्या मागून चालली पाहिजे. अधूनमधून चाक थांबवून वाडगा सरळ करा, बोटांच्या चिमटीत भिंत धरून जाडी बघा. बुडावर टिचकी मारली आणि बद्द आवाज आला तर अजून माती आहे. आवाज पोकळ होऊ लागला की हत्यार खाली ठेवा. पृष्ठभागावर बारीक लाटा उमटत असतील तर हत्यार बोथट आहे किंवा माती कडक. कोरलेली पोकळी चमच्याच्या पाठीनं घोटून घ्या. नाव कोरायचं ते आत्ता.

सालं बादलीत टाका, पुन्हा मळता येतात. पण सुकलेली माती झाडूनं झाडू नका. तिच्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, नेहमी. आणि हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये सोडू नका. ते बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी झाडांना घाला, गाळ जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगा. बिल्डिंगच्या ड्रेनेजमध्ये माती बसली तर प्लंबर आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी एकदमच दारात येतात.

भट्टी

तासलेला वाडगा पालथा, जाळीवर, पूर्ण सुकेपर्यंत ठेवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठ-दहा. गालाला लावून बघा, गार लागला तर आत पाणी आहे. जुलैच्या हवेत तो कधीच पुरता सुकत नाही, म्हणून पावसाळ्यात भट्टी आधी ८०–९० अंशांवर चार-पाच तास किंवा रात्रभर धरून ठेवतात. हे विचारून घ्या.

काही स्टुडिओ बाहेरच्यांची भांडीही भाजून देतात. मात्र पूर्ण सुकलेलं कच्चं भांडं म्हणजे सगळ्यात नाजूक अवस्था. ते संध्याकाळच्या लोकलमधून नेण्याचा विचार सोडा. तासल्यावर थोडं ओलसर असतानाच फोममध्ये गुंडाळून मांडीवर न्या आणि तिथेच सुकू द्या.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, ९५० ते १००० अंशांवर. १२० अंशांपर्यंत तासाला ५०, मग ६००पर्यंत तासाला १००, पुढे १५०. एकूण दहाएक तास. पहिला टप्पा वाफेसाठी हळू. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, म्हणून तिथेही घाई नको. निवताना भट्टी तोच उंबरठा परत ओलांडते, तेव्हा १०० अंशांखाली येईपर्यंत दार उघडू नका.

बिस्क झालेला वाडगा ओल्या स्पंजनं पुसून सुकवा. धूळ किंवा हाताचं तेल राहिलं तर तिथे ग्लेझ सरकून उघडी बेटं पडतात. कड्याला मेण लावा, वर ३ ते ५ मि.मी. जागा मोकळी सोडा. ग्लेझ ८० नंबरच्या जाळीतून गाळून, तळापासून ढवळून घ्या. आत ओतून फिरवून बाहेर काढा, मग बाहेरची बाजू तीन सेकंद बुडवा. थर साधारण १ मि.मी. हवा, सुईनं ओरखडा काढून बघता येतो. जाड थर ओघळून वाडगा फळीला चिकटवतो, पातळ थर खरखरीत आणि फिकट निघतो. ग्लेझची पावडर कालवताना एन-९५ मास्क लावा.

दुसरी भाजणी मातीच्या आणि ग्लेझच्या आकड्यानुसार. भट्टीत ठेवलेला छोटा शंकू, म्हणजे कोन, ठरलेल्या उष्णतेला वाकतो, आणि भाजणी त्याच्या नंबरानं सांगतात: कोन ६ म्हणजे साधारण १२२० ते १२४०, कोन १० म्हणजे १२८० ते १३००. कोन नुसतं तापमान दाखवत नाही, त्या तापमानात घालवलेला वेळही मोजतो. म्हणून मीटरचा आकडा बरोबर असूनही ग्लेझ कच्चं राहिलं, तर कोन किती वाकला ते बघावं.

खाण्याच्या भांड्याला आतून शिसं नसलेलं, खाद्यपदार्थांसाठी म्हणूनच विकलं जाणारं ग्लेझ लावा. तांब्याचे मॅट हिरवे ग्लेझ दिसायला देखणे असतात, पण आंबटाशी त्यांचं जमेलच असं नाही, आणि आपल्याकडे सोलकढी, चिंचेचं सार, टोमॅटोचं सार रोजचंच. लिंबाची चकती आत २४ तास ठेवा. तिथला रंग बदलला तर वाडगा खाण्याला वापरू नका. रंग टिकला म्हणजे ग्लेझ सुरक्षित आहे असं मात्र सिद्ध होत नाही.

शेवटची तपासणी पाण्याची. वाडगा भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर कड्याचा ओला गोल उमटला असेल तर माती पुरती पिकलेली नाही. असा वाडगा मायक्रोवेव्हमध्ये हाताला चटका देण्याइतका तापतो, आणि त्यात रोज पातळ पदार्थ ठेवले तर भिंतीत मुरलेलं पाणी वास धरतं. त्यात चिवडा भरा, किंवा पुढच्या भाजणीत तो १०–२० अंश वर न्यायला भट्टीवाल्याला सांगा. मातीच्या आणि ग्लेझच्या मर्यादेत बसत असेल तरच.